डॉक्टर म्हणतात कामाला लागा, घड्याळ म्हणतं विश्रांती घ्या: नैराश्यानंतर एचआरव्हीचं किती ऐकावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नैराश्यामुळे पाच महिने रजेवर आहात. व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्याची गोळी सुरू आहे. झोप, भूक मार्गी लागली आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं सांगितलंय. पण मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी एचआरव्ही (ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार) २२ ते २६ च्या आसपास दाखवतं आणि खाली ‘आज विश्रांती घ्या’ असा शेरा देतं. त्यातच कामाच्या ठिकाणी कुणीतरी सुचवलं की हृदयाच्या ठोक्यांची तपासणी करून ‘कामासाठी तयार’ असा अहवाल आणा, म्हणजे प्रश्नच मिटला. आता डॉक्टरांचं ऐकायचं की घड्याळाचं?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. कामावर जायचं की नाही, हे त्या आकड्यावरून ठरवू नका. कामावर गेल्यानंतर तास किती वेगाने वाढवायचे, हे ठरवताना मात्र तो चांगला उपयोगी पडतो. मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि लांब रजेनंतर कामावर परतणारे लोक हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. ठोक्यांचं मोजमाप मी स्वतः वापरतो, तेव्हा हे एखाद्या यंत्रविरोधी माणसाचं मत समजू नका.

एचआरव्ही म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, दोन ठोक्यांमधल्या अंतरात होणारा चढउतार. नाडी मिनिटाला ७० असली तरी ठोके समान अंतराने पडत नाहीत. श्वास आत घेताना ते किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. हा फरक मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे पडतो. शरीराला शांत करणारी, पचन आणि विश्रांतीकडे नेणारी यंत्रणा त्याच्याकडे आहे. म्हणून चढउतार चांगला असेल तर ‘शरीराला ब्रेक लावता येतोय’ असा अर्थ काढला जातो. अर्थ ढोबळमानाने बरोबर आहे. पण या मोजमापाची ख्याती झाली ती हृदयरोगात. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांपैकी ज्यांचा २४ तासांचा चढउतार ५० मिलिसेकंदांखाली होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांपेक्षा पाचपटींहून जास्त आढळला. तो आकडा मृत्यूच्या धोक्याबद्दल होता. सकाळी नऊला खुर्चीत बसून माणूस आठ तास काम करू शकेल का, हा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता.

नैराश्यात एचआरव्ही कमी असतो हे खरं आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात नैराश्य असलेले आणि नसलेले यांच्यातला फरक स्पष्ट दिसला, आजार जितका तीव्र तितका आकडा कमी हेही दिसलं. पण फरकाचा आकार लहान होता, संख्याशास्त्राच्या भाषेत सुमारे ०.३. याचा व्यवहारातला अर्थ असा: नैराश्य असलेला एक आणि निरोगी एक अशा १०० जोड्या लावल्या, तर साधारण ५८ जोड्यांत नैराश्य असलेल्याचा आकडा कमी निघेल आणि ४२ जोड्यांत उलट. नाणं उडवून ५० मिळतात. गटांची सरासरी काढताना हा फरक मोलाचा आहे. समोर बसलेल्या एका माणसाला ‘तुम्ही पास, तुम्ही नापास’ म्हणायला तो पुरत नाही.

आता तुमच्या बाबतीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा: गोळ्या. त्याच आढाव्यात असंही दिसलं की सेरोटोनिनवर काम करणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांनी रुग्ण बरे झाले, तरी त्यांच्या एचआरव्हीत म्हणावा असा फरक पडला नाही. आणि ट्रायसायक्लिक गटातल्या जुन्या गोळ्यांनी तर तो खाली आला. म्हणजे मन सुधारतं, आकडा जागचा हलत नाही. ज्या आकड्याला रुग्ण बरा झाल्याचा पत्ताच लागत नाही, त्याच्या हातात दाराची किल्ली कशी द्यायची? २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या मोठ्या पाहणीतून आलेला निष्कर्ष आणखी पुढे गेला: नैराश्यातला कमी एचआरव्ही बऱ्याच अंशी औषधांमुळेच दिसतो. यावर तज्ज्ञांत वाद झाले, पुढे औषधं न घेणाऱ्यांमध्येही कमी एचआरव्ही आढळला. तरी औषधांचा वाटा कुणी नाकारत नाही. तुमचं व्हेन्लाफॅक्सिन नॉरॲड्रिनॅलिनही वाढवतं. त्याने नाडी थोडी वाढते आणि चढउतार आक्रसतो. तुमचे २२ ते २६ हे आजाराचे किती आणि गोळीचे किती, हे घड्याळ सांगू शकत नाही. मीही त्या आकड्यावरून सांगू शकणार नाही.

इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. ‘आकडा वाढावा म्हणून’ गोळी कमी करू नका, बंदही करू नका. हा विचार अनेकांच्या मनात येतो आणि ते मला तसं सांगतातही. व्हेन्लाफॅक्सिन एकदम थांबवलं तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड असा त्रास होतो. बरं वाटू लागल्यावरही उपचार निदान सहा महिने चालू ठेवण्याची पद्धत आहे ती आजार उलटू नये म्हणून. आणि कामावर परतण्याचा काळ नेमका त्या सहा महिन्यांत येतो.

गोळ्या बाजूला ठेवल्या तरी आकड्याला हलवणारी बरीच मंडळी आहेत. वय वाढतं तसा तो उतरतो. आदल्या रात्रीचं मद्य, ताप, सर्दी, मासिक पाळीचा टप्पा, मधुमेहाने झालेली मज्जातंतूंची हानी, सगळं त्यात उमटतं. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी, रक्तदाबाची गोळी) घेत असाल तर आकडा उलट दिशेने, चांगला दिसू शकतो. एट्रियल फिब्रिलेशन (ठोके पूर्ण अनियमित पडण्याचा आजार) असेल किंवा पेसमेकर बसवला असेल तर या मोजमापाला काही अर्थच उरत नाही.

आणि मोजणीतली चूक. ही प्रत्यक्ष आकड्यांतच बघा. समजा लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरं ८१२, ८४५, ८७०, ८३८, ८०१ मिलिसेकंद अशी आहेत. शेजारच्या अंतरांतले फरक ३३, २५, ३२, ३७. त्यांचे वर्ग करून सरासरी काढा, तिचं वर्गमूळ घ्या: सुमारे ३२. हाच आरएमएसएसडी, बहुतेक घड्याळं एचआरव्ही म्हणून दाखवतात तो. आता मध्ये एक ठोका वेळेआधी पडला असं धरा. तो निरोगी माणसातही अधूनमधून पडतो आणि त्याच्यामागे एक लांब थांबा येतो. अंतरं झाली ८१२, ८४५, ५६०, ११४०, ८३८. तेच गणित केलं की उत्तर येतं सुमारे ३५७. पाचच अंतरांचं उदाहरण असल्यामुळे उडी मोठी दिसते. पाच मिनिटांच्या नोंदीत ती लहान होते, पण असे चार-पाच ठोके गाळले गेले नाहीत तर आकडा सहज फसवा होतो. चांगली सॉफ्टवेअर असे ठोके ओळखून बाजूला काढतात. म्हणूनच कुणी मला नुसता आकडा आणून दिला की मी आधी ठोक्यांची मूळ नोंद मागतो.

श्वासाचंही तसंच. वारंवारतेच्या गणितात, म्हणजे चढउतार सेकंदाला किती वेळा होतो हे बघताना, ०.१५ ते ०.४० हर्ट्‌झच्या पट्ट्याला व्हेगसचा पट्टा मानतात. ०.१५ हर्ट्‌झ म्हणजे मिनिटाला नऊ श्वास. प्राणायामाची सवय असलेला माणूस तपासणीला बसला आणि मिनिटाला सहा श्वास घेऊ लागला, की त्याचा सगळा चढउतार खालच्या पट्ट्यात जाऊन पडतो. मग अहवालात ‘ताणाचं प्रमाण जास्त’ असं छापून येतं आणि खोलीतला सर्वांत शांत माणूस घाबरून घरी जातो. ‘एलएफ भागिले एचएफ’ (खालचा पट्टा भागिले व्हेगसचा पट्टा) या गुणोत्तराला ताणाचा मापक म्हणणारे अहवाल अजूनही दिसतात. त्या गुणोत्तराचा तो अर्थ शरीरशास्त्राला धरून नाही, यावर बरंच लिहून झालंय.

घड्याळाच्या ‘तयार आहात’ किंवा ‘विश्रांती घ्या’ या शेऱ्याबद्दल थोडं. ही कल्पना खेळाडूंच्या प्रशिक्षणातून आली. धावपटूने आज जोरात पळावं की हलका व्यायाम करावा, हे त्याच्याच गेल्या काही आठवड्यांच्या सरासरीशी तुलना करून ठरवायचं. तिथे ती चालते, कारण प्रश्न एका दिवसाचा आणि स्नायूंचा आहे. तुमच्या बाबतीत ज्या सरासरीशी तुलना होतेय ती आजारपणातली आहे, आणि तुम्हाला करायचं काम म्हणजे ईमेल, बैठका, निर्णय, माणसं. शिवाय सगळी घड्याळं एकच गोष्ट मोजत नाहीत. ॲपलच्या घड्याळात दिसतो तो एसडीएनएन (सगळ्या अंतरांचा एकूण चढउतार), गार्मिनचं घड्याळ आणि ऊराची अंगठी दाखवतात तो आरएमएसएसडी. मित्राचे ५५ आणि तुमचे २४ यांची तुलना करून झोप उडवू नका.

मग मी हे मोजमाप कशाला वापरतो? माणसाची त्याच्या स्वतःशीच तुलना करायला, तीही कामासारखा भार दिल्यावर. विश्रांतीतला एकटा आकडा मला फारसा बोलका वाटत नाही. भार आला की शरीर काय करतं आणि भार गेल्यावर किती लवकर खाली येतं, हे बघण्यात खरी गंमत आहे.

पद्धत साधी आहे. छातीला पट्टा किंवा ईसीजी लावून पाच मिनिटं शांत बसवतो. मग पाच मिनिटं डोक्याचं काम: हजारातून सात-सात वजा करत जाणं, किंवा त्यापेक्षा चांगलं म्हणजे त्या माणसाच्या कामातलाच एखादा कागद वाचून मुद्दे काढणं. मग पुन्हा पाच मिनिटं शांत. साधारणपणे काम सुरू झालं की नाडी वाढते, चढउतार कमी होतो, आणि थांबल्यावर दोन्ही पहिल्या जागी येऊ लागतात. काहींमध्ये मुळात विश्रांतीतच सगळं ताठरलेलं असतं आणि काम दिल्यावर रेघ जेमतेम हलते. काहींची रेघ व्यवस्थित हलते, पण परत येत नाही; शेवटच्या पाच मिनिटांतही ते मनातल्या मनात वजाबाकी करत असतात, किंवा ‘मला हे जमलं नाही’ हे घोळवत असतात. या दुसऱ्या प्रकाराच्या माणसाला मी काम थांबवायला सांगत नाही. दिवसाच्या मध्ये मोकळ्या जागा ठेवायला आणि संध्याकाळी कामाचं डोकं बंद कसं करायचं ते शिकायला सांगतो. मोजमापाचा मला झालेला सर्वांत ठोस उपयोग हाच. पण तोही अंदाजच आहे, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करून तोच आकार दिसला तरच मी त्याला किंमत देतो.

घरी करायचं असेल तर रोज उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-कॉफीच्या आधी, बसून, एकाच वेळी, नेहमीच्या श्वासावर दोन ते पाच मिनिटं मोजा. छातीचा पट्टा मनगटापेक्षा बरा. मनगटाचं यंत्र वापरायचं तर झोपेतली नोंद जास्त भरवशाची, कारण तेव्हा हात हलत नाही. रोजचा आकडा बघू नका, सात दिवसांची सरासरी बघा. आणि कामावर जायच्या आधीचे निदान दोन-तीन आठवडे हाताशी असू द्या, नाहीतर नंतरची तुलना कशाशी करणार?

कामाची तयारी मी ज्यावरून ठरवतो त्या गोष्टी फार साध्या आहेत, मोजायला यंत्र लागत नाही. कामाच्या दिवशी उठावं लागेल त्या वेळी, गजर लावून, सलग दोन आठवडे उठता येतंय का? घराबाहेर, वाचनालयासारख्या ठिकाणी सकाळचे तीन तास बसून कामाशी मिळतंजुळतं काही करता येतंय का, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा? वाचलेलं तासाभराने सांगता येतं का? यातला ‘दुसऱ्या दिवशी पुन्हा’ हा भाग लोक विसरतात. एक दिवस सगळ्यांनाच जमतो. नैराश्यात मनाची उदासी आधी हटते, लक्ष आणि स्मरण मागे रेंगाळतात, त्यामुळे ‘मला आता छान वाटतंय’ म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी साध्या हिशेबाच्या तक्त्यासमोर थिजून बसतो. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत २७ पैकी ५ च्या खाली गुण आले तर लक्षणं जवळपास ओसरली असं धरतात. मी ते भरून घेतो, पण त्यातल्या झोप, थकवा आणि लक्ष या तीन ओळी एकूण बेरजेपेक्षा जास्त काळजीने वाचतो.

शिवाय मी थेट विचारतो, ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं, जमेल?’ हा प्रश्न भाबडा नाही. मानसिक आजारानंतर कामावर परतणाऱ्यांच्या अभ्यासांत, आपल्याला काम झेपेल हा माणसाचा स्वतःचा विश्वास प्रत्यक्ष परतण्याशी चांगला जुळतो. विश्वास नसेल तर तो नेमका कुठे अडतोय ते शोधतो. बहुतेकदा उत्तर ‘काम जमणार नाही’ असं नसतं. ‘इतके दिवस कुठे होतात’ या प्रश्नाला काय सांगायचं, यावर गाडी अडलेली असते.

घड्याळ आणि माणूस यांचं जमलं नाही, तर काय करायचं? तुमच्यासारखं, आकडा कमी पण दिनक्रम पक्का, असं असेल तर मी माणसाच्या बाजूने जातो आणि सुरुवात हळू करतो. उलट प्रकार जास्त धोक्याचा. आकडा सुरेख, शेरा हिरवा, आणि माणूस दुपारी बारापर्यंत अंथरुणात. तरुण, व्यायाम करणाऱ्या लोकांत हे मी पाहिलंय. त्यांचं हृदय आजारपणातही उत्तम चालत असतं. त्यांना हिरव्या शेऱ्यावर कामाला पाठवणं म्हणजे गाडीची टायर चांगली आहेत म्हणून टाकीत पेट्रोल आहे असं धरून निघणं. आणि झोप खूप कमी होऊनही उत्साह उतू चाललाय, डोक्यात योजनांची रांग लागली आहे, असं असेल तर आकडा काहीही असो, आधी डॉक्टरांना फोन. नैराश्याच्या गोळ्यांवर असताना मनःस्थिती दुसऱ्या टोकाला जाऊ शकते.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगतो. ‘पूर्ण बरं झाल्यावरच’ असं म्हणत थांबलो नसतो, कारण रजा लांबते तसं परतणं अवघड होतं, आणि झेपेल इतकं काम हा बरं होण्याचाच भाग असतो. कामाच्या ठिकाणी बोलून पहिले दोन आठवडे अर्धा दिवस मागितला असता, शक्य तर सकाळचा नसलेला, कारण नैराश्यात बऱ्याच जणांची सकाळ सर्वांत जड असते. सुरुवातीला एकट्याने करायची, मुदत नसलेली कामं. तास वाढवायचे ते दोन आठवड्यांनी एक पायरी, आणि इथे घड्याळ कामाला येतं. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे (हे प्रमाणित निकष नव्हेत): तास वाढवल्यावर रात्रीची नाडी तुमच्या नेहमीपेक्षा पाचेक ठोक्यांनी वर राहिली, एचआरव्हीची साप्ताहिक सरासरी घसरली, आणि सोबत झोप तुटू लागली किंवा सुट्टीचा दिवस नुसता पडून जाऊ लागला, तर पुढची पायरी पुढे ढकलायची. आकडा एकटाच घसरला आणि बाकी सगळं ठीक असेल, तर आठवडाभर वाट बघायची. बहुतेकदा ती सर्दी निघते किंवा नवीन वेळापत्रकाची सवय होत असते. लक्षणं घसरली आणि आकडा जागच्या जागी, तर आकड्याकडे न बघता डॉक्टरांकडे जायचं. जगणं नकोसं वाटण्याचे विचार परत येऊ लागले तर त्याच दिवशी.

तो ‘तयार आहे’ अहवाल मात्र देऊ नका. देणारे मिळतील, रंगीत आलेखासकट मिळतील. पण आज चांगल्या आकड्यावर आत घेतलं, तर उद्या वाईट आकड्यावर घरी बसवायलाही तोच कागद पुढे केला जाईल, आणि तो आकडा हलवायला एक सर्दी पुरते हे तुम्ही वर वाचलंतच. कामाच्या ठिकाणी जायला हवं ते तुमच्या डॉक्टरांचं पत्र, तेही आजाराचा तपशील न उघडता: किती तासांपासून सुरुवात, कोणती कामं काही काळ नकोत, पुन्हा आढावा कधी. घड्याळाचा ॲप कामाच्या फोनला किंवा कंपनीच्या आरोग्य-योजनेला जोडलेला असेल तर तो आजच सोडवा. आणि पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे जाताना घड्याळाच्या आलेखासोबत गेल्या दोन आठवड्यांची एक साधी वही न्या: रोज उठलात कधी, बाहेर किती वेळ बसलात, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात का. ते आधी वही वाचतील असं मला वाटतं.